विहिरीची आखाजी

पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते, असं मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली, सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागले, आणि त्या वाक्यातले तिन्ही भाग एकेक करून खोटे ठरले. यावलकडच्या विहिरींचं पाणी जिभेला किंचित गोड लागतं, ते सातपुड्यातून झिरपत येतं. पारोळ्याच्या बाजूला जड पाणी; साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. वासाचं आणि रंगाचं तर विचारूच नका.

ईरा, निहार, हे मी तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहिते आहे. हे ज्या अंकात छापून येईल तो मेलबर्नला पोस्टाने पोचेल आणि तुमची आई तो तुम्हाला वाचून दाखवेल, असं तिने कबूल केलंय. मागच्या महिन्यात एका रविवारी ईराने फोनवर तिच्या शाळेतली काचेची बरणी दाखवली. रोज एका चिठ्ठीवर आज कोणाचे आभार मानायचे ते लिहायचं आणि चिठ्ठी बरणीत टाकायची. "आजी, जेवणाबद्दल कुणाला थँक्यू म्हणायचं? आईला, शेतकऱ्याला, की दुकानाला?" असं तिने विचारलं. निहार म्हणाला, "फ्रीजला." शिवाय त्याने त्याची नेहमीची तक्रारही केली, की आपण फोन लावतो तेव्हा आजी आधी बराच वेळ नुसती बघत असते, बोलतच नाही, तिचा फोन बिघडलाय. तुम्हाला पोहायला जायचं होतं, म्हणून दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या. फोन बिघडलेला नाही. त्याचं आणि बरणीचं उत्तर एकच आहे, पण जरा लांब आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. गावाचं पाणी पिण्यासारखं आहे की नाही, हे सांगायचं, एवढंच. जळगाव आणि धुळे, या दोन जिल्ह्यांत मिळून माझी सगळी नोकरी झाली. विहिरी, हातपंप, टाक्या यांच्या पाण्याचे नमुने निर्जंतुक बाटल्यांत भरून, बर्फाच्या पेटीत घालून आमच्याकडे यायचे. आम्ही त्यात क्षार किती, जंतू आहेत का, ते बघायचो. कधी लोक आपणहून पाणी घेऊन यायचे, लोणच्याच्या बरणीत नाहीतर तेलाच्या डब्यात. एकदा एक नवी नवरी स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का ते बघा."

मी म्हटलं, "अगं, इथे डाळ नाही शिजवत."

"मग शिजत नाही असं सांगा. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही. यावलला माझ्या हातची डाळ मेणासारखी व्हायची."

पाणी तपासलं. जडपणा इतका होता की तुरीच्या डाळीने हात टेकावेत. मी तिला ते समजावलं, डाळ आदल्या दिवशी भिजत घाल म्हणून सांगितलं. "भिजवीन. पण आधी हे घरी सांगते," असं म्हणून ती डबा घेऊन निघाली, कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसासारखी. पाण्याने आमच्याकडे बहुतेकांना दोषीच ठरवलं, पण एखादीला असं सोडवलंही.

दौऱ्यावर जाताना माझा एक नियम होता. तपासल्याशिवाय कुठलंही पाणी प्यायचं नाही. घरून उकळून, गाळून आणलेलं पाणी खांद्यावरच्या बाटलीत. जीपचा ड्रायव्हर सुपडूभाऊ गावात शिरल्या शिरल्या तांब्याभर पाणी पिऊन मोकळे व्हायचे. मी मात्र माझ्या बाटलीला चिकटून. गावातल्या बायांना ते लागायचं. "आमनं पाणी तुमले चालस नही का, बाई?" असं तोंडावर विचारायच्या. मी म्हणायचे, निकाल आला की पिईन. निकाल येईपर्यंत मी गाव सोडलेलं असायचं, हे त्यांनाही माहीत होतं.

आता ती विहीर. पारोळा तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. मी तेव्हा धुळ्याला होते. उन्हाळा कडक होता आणि आखाजी चार दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे तुमच्या कॅलेंडरमधली अक्षय्य तृतीया. खान्देशात हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आमरस खातात. त्या दिवशी पितरांसाठी नवी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात. आंबाही त्या दिवशी नैवेद्य दाखवूनच खायचा, आधी नाही. तर अशा भरल्या गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी दोन मुलं, मग आणखी. आरोग्य केंद्रातून निरोप आला आणि मी पेटी घेऊन निघाले.

गावाला पिण्याची विहीर एकच. मोठी, दगडी, पायऱ्यांची. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी आटून तिथे टँकर सुरू झाले होते. ही आटली नव्हती. त्यामुळे गावाला तिचा केवढा अभिमान, ते गावचे सरपंच भिकनआबा मला जीपमधून उतरायच्या आधीच सांगू लागले. पण प्रश्न असा होता, की मी ती बंद करा असं लिहून दिलं तर ऐन सणाला, गाव लेकींनी भरलेलं असताना, प्यायला पाणी नाही. आणि चालू ठेवा म्हटलं तर मुलं आजारी पडत राहणार.

विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, ती जंतू मारते. पण टाकली म्हणजे झालं असं नसतं. तिचं काम आटोपल्यावरही ती थोडी पाण्यात उरली पाहिजे, म्हणजे नवीन जंतू आला तर त्याला अडवायला कोणी जागा असतो. ती उरलीय का हे बघायला काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं, तर पावडर आहे. पांढरंच राहिलं, तर नाही. माझ्या सगळ्या शास्त्रातला हा सर्वांत सोपा भाग, आणि गावांना पटायचाही तेवढाच.

त्या विहिरीचं पाणी पांढरं राहिलं.

पावडर टाकायचं काम प्रल्हाद नावाच्या माणसाकडे होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले होते आणि तो खाली उभा होता. भिकनआबा म्हणाले, "टाकतच नही तो. झोपी ऱ्हास, दुसरं काय."

"रोज टाकतो आबा," प्रल्हाद म्हणाला. "तुम्ही येत नाही बघायला."

"मी पावडर बघाले येऊ? मंग तुले कसाले ठेवेल शे?"

मी म्हटलं, आता सगळ्यांसमोर टाकू. प्रल्हादने बादलीत पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी पोहऱ्याने विहिरीत चांगलं खाली-वर करून मिसळलं. दोन पावलं मागे उभा राहून भिकनआबांनी सगळं बघितलं. दुपार कलल्यावर मी नळी भरली. पांढरी. मग त्याच पोत्यातली चिमूटभर पावडर माझ्या बाटलीतल्या पाण्यात कालवून बघितली, तर नळी पिवळ्याच्याही पुढे जाऊन लालसर केशरी झाली. म्हणजे पावडर चांगली होती आणि प्रल्हाद खरं बोलत होता.

"पाहिलं ना आबा?" एवढंच तो म्हणाला आणि घरी जेवायला गेला. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं, असं मला नंतर कळलं. गावातली पोरं आजारी आणि बोट त्याच्याकडे. घास कसा उतरणार.

पावडर कोणीतरी खात होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, पाण्यात पालापाचोळा, शेण, अन्न असं काही असलं की पावडर आधी त्याच्यावर खर्ची पडते आणि जंतूंसाठी उरतच नाही. पण विहीर वरून स्वच्छ दिसत होती. पाचोळा नाही, कबुतरं नाहीत. एक दोष मला सापडला: कपडे धुवायच्या ओट्याला भेग पडली होती आणि धुण्याचं पाणी तिच्यातून परत विहिरीकडे झिरपत होतं. जंतू तिथून येत असणार. पण एवढ्याशा झिरपण्याने इतकी पावडर संपेना. मी पुरुषांना विचारलं, विहिरीत काही पडतं का. "काहीच नही पडस." बायांना विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "काही नही, माय." त्या बघण्यातच काहीतरी होतं, पण मला वाटलं, परक्या बाईला लाजत असतील.

मला पावडर पडण्याआधीचा पहाटेचा नमुना हवा होता, म्हणून मी मुक्काम केला. केसरअक्कांच्या घरी माझी सोय झाली. अक्का गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. पाठीला बाक, आवाज मात्र खणखणीत. त्यांची नात सुनंदा आखाजीला माहेरी आली होती आणि सुनंदाची चार वर्षांची खुशी आजारी पडलेल्यांत होती. तिचं सगळ्यांत जास्त होतं. मायलेकी धुळ्याच्या दवाखान्यात होत्या, सलाइन चालू होतं. अंगणात कडुलिंबाला खुशीसाठी बांधलेला छोटा झोका तसाच लोंबत होता. अक्कांनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी वाढली, स्वतः मात्र भाकरीचा पापुद्रा काढत बसल्या. मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. त्या बघत होत्या.

पहाटे अक्का हंडा घेऊन निघाल्या तशी मीही पेटी घेऊन निघाले. मी म्हटलं, "अक्का, एवढ्या लवकर?" उत्तर नाही. "खुशीचा काही फोन आला का?" उत्तर नाही. मला वाटलं, कालच्या पाण्याच्या बाटलीवरून रागावल्या. मग मीही गप्प झाले. वाटेत इतर बाया मिळत गेल्या. कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. गावातल्या बाया पाण्याला चालल्या आहेत आणि पैंजणांखेरीज आवाज नाही, असं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

विहिरीवर अक्कांनी पदराखालून छोटी लोटी काढली आणि दूध पाण्यात सोडलं. मग पीठ आणि गुळाचा एक गोळा. हात जोडले. हंडा भरला. तो डोक्यावर चढेपर्यंत त्यांच्या मागे पुढची बाई उभी होती, तिच्याही हातात लोटी. तिच्यामागे आणखी एक. वळणापर्यंत रांग होती.

मी नमुना घ्यायचं विसरून बघत राहिले.

घरी हंडा उतरवल्यावर अक्का बोलल्या. पहिलं पाणी न बोलता भरायचं असतं, ही तिथली जुनी रीत. विहिरीला दिलं ते कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं की दिल्यासारखं होत नाही. पूर्वी एका घराने एका दिवशी द्यायचं, पाळीपाळीने, आणि तेही नावाला चार थेंब. पण या वर्षी चहूकडे पाणी गेलं आणि यांचं राहिलं. तेव्हा अक्कांनीच आधी रोज द्यायला सुरुवात केली. बघून शेजारणीने केली. मग गावाने.

"बठ्ठा गावसन्या विहिरी आटन्यात, माय. हाई नही आटनी. मंग हिले उपाशी ठेवानं का?"

मला माझं उत्तर सापडलं होतं, आणि ते कसं सांगावं हे कळत नव्हतं. गावाने विहिरीत घाण टाकली असती तर मी रागावले असते, भिकनआबांना सांगून दवंडी पिटवली असती. पण हे आभार होते. आपल्या घरातलं दूध, लेकराच्या तोंडचं, बाया देत होत्या. दवंडीने ते थांबलं नसतं. न बोलता करायची गोष्ट आणखी न बोलता झाली असती, एवढंच.

मी सुपडूभाऊंना जीपमधली औषधांची पेटी आणायला सांगितली आणि अक्कांच्या ओट्यावर काचेचे दोन पेले मांडले. दोन्हींत माझ्या बाटलीतलं पाणी. दोन्हींत पावडरीचं पाणी सारखंच. मग एका पेल्यात अक्कांच्याच हाताने, लोटीत उरलेल्या दुधाचा चमचा घालायला लावला. थोडं थांबून दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. एक पेला पिवळाधमक झाला. दुधाचा होता तसाच राहिला.

अक्कांनी दोन्ही पेले उचलून उजेडात धरले. "म्हंजे दूधनी पावडर खाई टाकी."

"हो."

"मंग मनामुळे पोर आजारी पडनी का?"

सुपडूभाऊ अंगणातल्या बकरीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही अक्का. जंतू आले ते धुण्याच्या ओट्याच्या भेगेतून. दुधाने कोणी आजारी पडलं नाही. दूध फक्त औषधाच्या आड आलं."

"एकच व्हयनं."

थोडं एकच होतं, थोडं नव्हतं. आणि किती ते मोजायची नळी माझ्याकडे नव्हती. अक्का पेल्याकडे बघत म्हणाल्या, "आते काय सांगू हिले? देनारा हात मांगे कसा लेऊ?"

तेवढ्यात आतून फोन वाजला. सुनंदा होती. सलाइन काढलं होतं. खुशी उठून बसली होती आणि आंबा मागत होती. अक्कांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं आणि दटावून म्हणाल्या, "सांग तिले, आखाजी पहिले आंबा नही." मग खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसले. आदल्या संध्याकाळची भाकरी झाकून ठेवलेली होती, ती काढून त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. मी शेजारी बसून होते. निम्मी भाकरी संपल्यावर त्यांचा हात थांबला.

"आखाजीले लेकी माहेरले येतस," त्या म्हणाल्या. "हाई विहीर बी आपली लेकच शे ना? तिना घर जाईसन तिना पाणीमा कसाले टाकूत? एक घागर भरीसन तिले घर लई येऊत. जे देनं शे ते घरमा देऊत."

सुपडूभाऊ म्हणाले, "आन् लेक आली की आधी काय करता अक्का?"

"न्हाऊ घालतस." त्या माझ्याकडे वळल्या. "हिले कोनी न्हाऊ घालं कधी?"

आता माझी पाळी होती. विहिरीला न्हाऊ घालणं म्हणजे सगळं पाणी उपसून तळाचा गाळ काढणं. शास्त्राप्रमाणे तेच करायला हवं होतं, आणि ते सांगायची माझीच छाती होत नव्हती. भर उन्हाळ्यात, आजूबाजूला सगळं कोरडं असताना, गावाची एकुलती एक जिवंत विहीर रिकामी करा म्हणायचं. झरे परत लागले नाहीत, तर त्या गावात मला कोण उभं करणार होतं? मी भिकनआबांना दोन्ही बाजू सांगितल्या. आबा अक्कांकडे गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण परत आले ते मोटार आणायला माणूस पाठवूनच.

दुसऱ्या दिवशी गावात टँकर आला आणि विहिरीवर मोटार बसली. पाणी शेताकडे सोडलं. सगळं गाव काठावर. पाणी खाली गेलं तसा वास वर आला, आंबलेल्या दुधाचा आणि कुजलेल्या पिठाचा. बायांनी नाकाला पदर लावले. अक्कांनी लावला नाही. प्रल्हाद आणि चौघं आत उतरले आणि काळा गाळ टोपल्यांनी वर येऊ लागला. त्यात कोणाची हरवलेली कळशी निघाली, कोणाचा पोहरा. "मनी शे, मनी शे," म्हणून दोन घरांत कळशीवरून जुंपली, तेवढाच हशा झाला. मग तळाचा कातळ दिसला. खरवडून, धुऊन, पावडरीच्या पाण्याने पुसून झाला. मोटार बंद केली. आणि विहीर कोरडी उभी राहिली.

पाणी येईना.

भिकनआबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एरवी बोलणारा माणूस. हळूच म्हणाले, "ताई, झरा नाही लागला तर?"

मी म्हटलं, "लागेल." माझ्याकडे त्याला काही आधार नव्हता. आम्ही नमुना तपासतो. झरे तपासत नाही. सुपडूभाऊ दुसऱ्या कानाशी कुजबुजले, "ताई, जीप वळवून ठेवू का?" नोकरीत मी त्यांच्यावर अनेकदा रागावले, त्या दिवशी मात्र मला खरंच वाटलं की ठेवावी.

ऊन उतरत होतं. बाया ओट्यावर बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हतं, पण ती पहाटेची शांतता नव्हती. लेकी पोरांना कडेवर घेऊन उभ्या. आखाजीला आलेल्या, आणि माहेरची विहीर अशी. अक्का काठावर, सगळ्यांत पुढे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मग खालून प्रल्हादचा आवाज आला. तो तळाशी, पश्चिमेच्या अंगाला कातळात पहार लावून बसला होता. ओरडला नाही, साधंच म्हणाला, "आबा, पायले गार लागी राहिनं."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग खडकातून बारीक धार दिसली, बोटाएवढी. गाळाने बुजलेलं तोंड मोकळं झालं होतं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूनेही पाझर लागला. भिकनआबांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही म्हटल्या लागेल, तेव्हाच मला वाटलं की तुम्हालाच माहीत नाही." मी म्हटलं, "खरंय." एवढं मोकळं हसू मला नोकरीत फार वेळा आलं नाही.

सकाळपर्यंत विहीर पुरुषभर भरली. ओट्याची भेग सिमेंटने बुजवली, धुण्याचं पाणी लांब काढलं. तरी मी धुण्याचा ओटाच हलवा असं सांगितलं होतं, ते पुढे कित्येक वर्षं झालं नाही. सगळ्या गोष्टी कुठे होतात. पावडर पडली. जंतू तपासायच्या बाटल्या त्या पाण्याने भरून मी प्रयोगशाळेत नेल्या. पाण्यात जंतू असले तर त्या काळ्या पडतात. रात्रभर ठेवल्या आणि आखाजीच्या पहाटे कपाट उघडून बघितल्या, तर होत्या तशाच, नितळ.

आखाजीला सुट्टी असते. तरी मी गेले. शेवटची नळी माझ्या डोळ्यांनी बघायची होती. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी घरी एकट्याने आमरस केला आणि कोयीसुद्धा चोखून ठेवल्या, असं ते अजून ऐकवतात.

मी पोचले तेव्हा गावातल्या बाया पहिलं पाणी भरून येत होत्या. अक्कांच्या डोक्यावर नवी कोरी घागर, तिला हळद-कुंकवाची बोटं. मागे सगळ्या लेकी. वाटेत कोणी बोललं नाही. अंगणात घागर पाटावर ठेवल्यावर मात्र एकच गलका झाला. पोरींनी घागर उचलून झोक्यावर बसवायचं काढलं, कारण माहेरी आलेली प्रत्येक जण झोक्यावर बसते. अक्का ओरडल्या, "उतारा तिले खाले, फोडश्यात." घराघरातून दुधाच्या लोट्या आल्या आणि घागरीपुढे ओळीने ठेवल्या गेल्या, पीठ, गूळ, खापरावरची पुरणपोळी, कुरडया. पुढे त्या दुधाची खीर झाली आणि गावातल्या आजारी पोरांना आधी वाढली गेली. संध्याकाळी घागरीची पाठवणी करून तिचं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतायचं, असंही अक्कांनी ठरवून ठेवलं होतं.

खुशी झोक्यावर बसली होती. हडकली होती, हाताच्या पाठीवर सुईची खूण. माझी नळी बघून उतरून आली. मी घागरीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. तिने नाक नळीला लावलं.

"पिवळं झालं," ती म्हणाली. "मंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं."

ती घरात गेली आणि फुलपात्र घेऊन आली. अक्कांनी घागरीतून ते भरलं. खुशीने ते दोन्ही हातांनी धरून, न सांडता, माझ्यापुढे आणलं. माझ्या खांद्यावर माझी बाटली होती; उन्हात बसून तिच्यातलं पाणी गरम झालेलं. अंगणातल्या सगळ्या बाया बघत होत्या. "पी ना," खुशी म्हणाली, "पिवळं झालं ना?"

मी प्यायले. जड पाणी, किंचित पावडरीचा वास, मातीच्या घागरीचा गारवा. त्यात डाळ शिजली नसती. मी फुलपात्र पुढे केलं आणि आणखी मागितलं.

आता त्या गावात नळ आलेत. असे नळ आल्यावर मी पास केलेल्या किती तरी विहिरी कचऱ्याने भरल्या. जाता-येता दिसतात तेव्हा वाईट वाटतं. ही भरली नाही. दर आखाजीला सकाळी प्रल्हादकडून फोनवर एक फोटो येतो. नळी, त्यात पिवळं पाणी, मागे घागर. अक्का गेल्या, घागर आता त्यांची सून, सुनंदाची आई, आणते. खुशी नर्सिंगला आहे.

आणि निहार, तुझा रविवारचा फोन येतो ती माझी नळाला पाणी यायची वेळ असते. फोन ओट्यावर टेकवलेला असतो आणि हातात पहिला हंडा. पहिलं पाणी मीही आता न बोलता भरते; ईरा, तीच माझी बरणीतली चिठ्ठी. मी तुम्हाला बघत असते, ऐकतही असते. हंडा भरून खाली ठेवला की बोलते.